संपलं म्हणू नये

मागच्या महिन्यात एका सकाळी, पावणेसहाच्या सुमारास, आमच्या घरातला गॅस गेला. चहाचं आधण नुकतंच उकळी धरत होतं, ठेचलेलं आलं आत पडलं होतं, त्याचा वास स्वयंपाकघरात भरला होता, आणि शेगडीची निळी ज्योत एकदम पिवळी पडली, दोनदा फुरफुरली नि विझली. ओट्यापाशी पुतणी उभी होती. तिला साडेसहाला क्लासच्या बाकावर बसलेलं असावं लागतं. तिनं तिथूनच ओरडून सांगितलं, "काका, गॅस संपला!" देवापुढं वाती वळत बसलेल्या आईनं मान न वळवता दुरुस्ती केली, "संपला मनू नये बाई. वाढला मनावं."

"आज्जी, वाढलाय तर मग चहा का होईना?"

सगळे हसलो. आईसुद्धा पदर तोंडाला लावून हसली. मी ते पातेलं फडक्यात धरून शेजारी गेलो, त्यांच्या शेगडीवर चहा पुरा करून आणला. पोरीनं तो उभ्या उभ्या चार घोटांत संपवला, म्हणजे वाढवला, आणि सायकलवर टांग टाकून ती ट्यूशन एरियाकडं गेली. लातुरात त्या वेळेला रस्त्यावर फक्त अशीच पोरं असतात. कानाला मफलर, पाठीवर दप्तर, अर्धी झोप डोळ्यांत. पोह्यांच्या गाड्यांवरची वाफ, झेरॉक्सच्या दुकानांची अर्धवट उघडलेली शटरं आणि वर फलकांवरून हसणारे मागच्या वर्षीचे गुणवंत. मीही माझ्या शाळेला गेलो. पण ते वाक्य काही पाठ सोडीना. हुरडा खाताना एखादं टरफल दातात अडकावं आणि दिवसभर जीभ तिथंच जात राहावी, तसं झालं. वाढलाय तर मग चहा का होईना?

आमच्या घरात कुठलीच गोष्ट संपत नाही. पीठ वाढतं, तेल वाढतं, महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात माझं पाकीट वाढतं. बांगडी फुटत नाही, वाढते. नारळ फोडायचा नसतो, वाढवायचा असतो. निरांजन विझवत नाहीत, शांत करतात. निघालेल्या माणसाला 'जातो' म्हणायची सोय नाही, 'येतो' म्हणावं लागतं. मग तो पुन्हा येऊ नये असं घरच्यांना मनातून कितीही वाटो. रात्री साप निघाला तर त्याला लांबडं म्हणायचं. पूर्वी अंगावर फोड उठून माणसं मरायची, त्या रोगालासुद्धा आमच्या लोकांनी 'देवी' म्हणून पाटावर बसवलं. आईचं म्हणणं, वास्तू सारखी तथास्तु म्हणत असते आणि कोणत्या शब्दावर म्हणेल याचा नेम नाही, म्हणून आपलं तोंड आपण सांभाळावं. लहानपणी मला वाटायचं, गावच्या आमच्या माळवदाच्या तुळयांमध्ये एक टकला म्हातारा आडवा पडलेला आहे आणि तो झोपेत तथास्तु, तथास्तु असं बरळतो. उन्हाळ्याच्या दुपारी घर गप्प झालं की मी वर बघत पडायचो. तुळयांच्या फटीतून पांढरी माती झरायची. ती त्याच्या कूस बदलण्यामुळं झरते, अशी माझी खात्री होती.

दोनेक वर्षांपूर्वी आम्हा शिक्षकांना एका हॉलमध्ये बसवून दिवसभर सकारात्मक कसं राहावं हे शिकवण्यात आलं. वक्ते चांगले होते. कॉलरला माइक, गुडघ्यापर्यंत जाकीट, आवाजात तूप. सकाळी उठल्यावर आधी आरशात बघून स्वतःशी हसा. दिवसातून चार वेळा स्वतःला सांगा, मी आनंदी आहे. रात्री झोपताना दिवसातल्या तीन चांगल्या गोष्टी वहीत लिहा. एप्रिल महिना होता. साडेबाराला वीज गेली, पंखे थांबले, माइक मेला, आणि त्यांनी व्यवस्थेतल्या पोराला असं काही झापलं की पहिल्या रांगेला सगळं ऐकू आलं. खरं सांगायचं तर तेव्हापासूनच तो माणूस मला आपला वाटायला लागला. त्या तीन गोष्टींचा नाद तर मला मानवलासुद्धा. वही अजून आहे. 'पाचवीतली कधीच न बोलणारी मुलगी आज फळ्याशी आली.' 'बाजारात अंबाडी मिळाली.' 'एसटीत खिडकी.' वाचताना आजही बरं वाटतं. माझं बिघडलं ते ॲपमुळं. त्यांनी सुचवलेलं एक ॲप मी फोनमध्ये घेतलं होतं, ते ठरल्या वेळेला थरथरून आनंदाची आठवण करून द्यायचं. पण त्याकडं नंतर येतो.

तात्या, म्हणजे बाबांचे थोरले भाऊ, औसा तालुक्यातल्या आमच्या गावी राहायचे. त्यांना रविवारी फोन लावायचा हा बाबा गेल्यानंतरचा माझा नेम. "काय चालायलंय तात्या?" "काय नाही, निवांत." एवढंच. पाऊस पडो, न पडो, निवांत. हा आमच्याकडचा शब्द मोठा विचित्र आहे. हाताला काम नसलं तरी निवांत आणि मान वर करायला उसंत नसली तरी निवांत. पारावर, टपरीवर, दवाखान्याच्या बाकड्यावर, कुठंही विचारा. मला तो शब्द फार आवडायचा. शहरातले लोक ज्यासाठी पैसे भरून शिबिरांना जातात ते आमच्या तात्यांना जन्मजात मिळालंय, असं मी स्टाफरूममध्ये कौतुकानं सांगितलेलंही आठवतं.

बाबांच्या ट्रंकेत तात्यांची जुनी पोस्टकार्डं सापडली होती. सगळ्यांची सुरुवात एकच. 'इकडील सर्व खुशाल. तुमची खुशाली कळवावी. वि. वि.' आणि मग त्या विनंती विशेषनंतर एकामागोमाग एक: पांढऱ्या बैलाच्या खुरात किडे झाले आहेत. विहिरीनं तळ गाठला. आईला रात्रीचं दिसेनासं झालं. पन्नास रुपये जमले तर पाठवावेत. शेवटी पुन्हा, काळजी नसावी. पहिल्यांदा वाचली तेव्हा मी आणि बायको हसून हसून दमलो होतो. सगळं खुशाल असलेल्या घरात एवढं सगळं! आता वाटतं, ती फार शहाणी रचना होती. आधी उंबऱ्यात पाय धुवायला पाणी द्यावं तशी ती पहिली ओळ. मग घरात या आणि बसून ऐका. पुढं फोन आले. उंबऱ्यातलं पाणी तेवढं राहिलं. विशेष गेलं.

एका येळवसची गोष्ट सांगतो. लातूर-धाराशिवकडच्या माणसाला येळवस काय ते सांगायला नको; बाकीच्यांसाठी, वेळ अमावस्येला रानात पूजा करून पंगत घालायचा सण. त्या वर्षी परतीचा पाऊस आलाच नव्हता. तूर गुडघ्याएवढी राहून वाळली होती, ज्वारी जमिनीतून वर यायला तयार नव्हती, काळ्या रानाला हात जाईल एवढ्या भेगा. तरी तात्यांनी कडब्याची कोप घातली, पाच पांडव म्हणून पाच दगड चुन्यानं रंगवून मांडले, काकूनं आदल्या रात्रभर जागून केलेली भज्जी, बाजरीचे उंडे, गव्हाची खीर, शेंगदाण्याच्या पोळ्या, आणि काळ्या माठात आंबील. शहरातून आम्ही दोन गाड्या भरून गेलो होतो, सोबत बायकोच्या माहेरचेही चार. तात्या धोतराचा सोगा खोचून, तांब्यातली आंबील ज्वारीच्या पाल्यानं शिंपडत, कानडी वळणाचा तो घोष देत रानाला फेरी घालून आले. त्या वाळक्या तुरीलासुद्धा त्यांनी तितक्याच मायेनं आंबील दिली. मग बोरीच्या सावलीत पंगत बसली. हरभऱ्याचे नि वालाचे कोवळे दाणे घातलेली, आंबटसर, ऊन ऊन भज्जी. मी तीनदा मागून घेतली. "काय तात्या, यंदा रान तर बेकार दिसायलंय," असं मी म्हटलंसुद्धा. "असूंदे की. निवांत जेव."

तात्या गेले ते झोपेत. मातीला अख्खं गाव होतं. तिसऱ्या दिवशी तेरणेच्या काठी राख सावडायला गेलो, आणि अकरा वाजले. माझ्या खिशातला फोन थरथरला. सवयीनं काढून बघितला. पिवळ्या पडद्यावर अक्षरं, 'सकाळचे अकरा! आज किती वेळा हसलात?' शेजारी चुलतभाऊ हाडं वेचत होता. त्याला दिसलं की नाही कुणास ठाऊक. मी ते ॲप तिथंच काढून टाकलं.

तेराव्यानंतर तात्यांची पत्र्याची पेटी उघडली. खताच्या दुकानाच्या उधारीचे कागद, सोनेतारणाच्या पावत्या, ओढ्याकडचं दीड एकर तीन वर्षांपूर्वीच दुसऱ्याच्या नावे लागल्याचा स्टॅम्पपेपर. चुलतभावालाही निम्मं माहीत नव्हतं. काकूला पाटल्यांचं माहीत होतं, तेवढंच. पाटल्या गहाण टाकल्याच्या पावतीवरची तारीख बघितली आणि मी मनातल्या मनात बोटं मोजली. त्या येळवसच्या दोन दिवस आधीची.

तीनदा मागून घेतली होती मी भज्जी.

तात्या खोटं बोलले असं मला अजूनही म्हणवत नाही. सण नासू नये, एवढंच त्यांच्या मनात असणार. पण मी त्या 'निवांत'वर विश्वास का ठेवला, याचा विचार करतो तेव्हा उत्तर काही फार शोभेचं निघत नाही. निवांत म्हटलं की फोन ठेवता यायचा. रविवारचं एक काम हातावेगळं व्हायचं.

मग गॅसच्या दिवशी शाळेत मधल्या सुट्टीत डबा खाताना एकदम लक्षात आलं, की आईचा 'वाढला' आणि तात्यांचा 'निवांत' हे मी उगीच एका माळेत ओवत होतो. आई 'पीठ वाढलं' म्हणते तेव्हा घरातल्या कुणालाही डबा भरलेला आहे असं वाटत नाही. कुणीतरी उठून चपला घालतं आणि ज्वारीची पिशवी घेऊन गिरणीला जातं. शब्द तेवढा गोड, बाकी निरोप चोख. 'निवांत' ऐकून मात्र कुणी चपला घालत नाही.

आणि आईलाही त्या शब्दाची हद्द माहीत आहे. २०१६ साली लातुरात पाण्यापायी भांडणं होऊ नयेत म्हणून पाण्याच्या टाक्यांभोवती १४४ कलम लावलं होतं, एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, त्या दिवसांत आमचे हंडे रोज रिकामे व्हायचे, पण 'पाणी वाढलं' असं ती म्हणाली नाही. "आता हे मनलं तर मांजरा नदीच्या धरणात वाढलं असं वाटंल कुणाला," म्हणायची, आणि भांडी घासलेलं पाणी बादलीत धरून ठेवायची. त्याच उन्हाळ्यात तिनं कुणाच्या तरी पोराला पैठणच्या नाथमहाराजांची गोष्ट सांगितली होती, अंगावर थुंकणाऱ्या माणसावर न चिडता ते एकशे आठ वेळा गोदावरीत आंघोळ करून आले ती. पोरगं म्हणालं, लातुरात असते तर दोन टँकर लागले असते. आईनं त्यालाही हसून दाद दिली. मग २०२५च्या सप्टेंबरात पाऊस थांबेना, सोयाबीनच्या उभ्या शेंगांना कोंब फुटले, नद्या रानात शिरल्या, तेव्हा पाणी खरोखरच वाढलं होतं आणि तो शब्द कुणालाच तोंडात घ्यावासा वाटत नव्हता.

'संपलं' हा शब्द मात्र मी आईच्या तोंडून एकदाच ऐकलाय. १९९३च्या ३० सप्टेंबरला. मी सहावीत होतो. आदल्या रात्री गणपती बुडवून आलो होतो, अंगावरचा गुलाल धुतला नव्हता. पहाटे चारच्या आत जमीन हलली. आमच्या गावात दोन भिंती बसल्या, माणसं वाचली. आईचं माहेर किल्लारीच्या शेजारचं. उजाडल्यावर बाबा तिला घेऊन निघाले, मी हट्टानं मागं लागलो. आता ते सगळं सलग आठवत नाही. पाऊस आठवतो. दगडांच्या ढिगातून वर आलेलं एक पाळण्याचं कडं आठवतं. जिथं घर होतं तिथं आई बसली. रडली नाही. दगडावर तळवा ठेवला आणि म्हणाली, "संपलं." पुढं काही नाही. सरणाला लाकडं कुठून आणणार? पडलेल्या घरांचीच दारं नि तुळया लागल्या. तथास्तु म्हणणारा माझा म्हातारा त्यातच कुठंतरी गेला असणार, कारण त्यानंतर मी त्याला कधी वर शोधलं नाही. आईनं मात्र महिनाभरातच, पत्र्याच्या शेडमध्ये चूल मांडल्यावर, मला वाण्याकडं पाठवताना सांगितलं होतं, "मीठ वाढलंय, घेऊन ये." मला तेव्हा त्यात काही विशेष वाटलं नव्हतं.

पुतणी म्हणजे तात्यांची नात. डॉक्टरकीच्या 'नीट' परीक्षेचं तिचं हे दुसरं वर्ष. आमच्याकडं राहते. तिच्या खोलीच्या भिंतीवर पिवळ्या चिठ्ठ्या आहेत. 'मी करू शकते.' 'माझं सीट ठरलेलं आहे.' '७२० पैकी ६५०.' एका चिठ्ठीवर नुसताच हसरा चेहरा. क्लासमध्ये लावायला सांगितल्यात म्हणे. एकशे ऐंशी प्रश्न, बरोबरला चार, चुकीला वजा एक. "काका, सोडून दिलेल्या प्रश्नाला शून्य मिळतं," असं ती मला एकदा म्हणाली होती, "म्हणून येत नसलं की गप बसायचं असतं." मी मान डोलावली होती. रोज रात्री नऊला तिच्या पप्पांचा फोन येतो. हॉलमध्ये बसून मला तिची बाजू ऐकू येते. "मस्त." "हो, मस्त चाललाय." "मस्त झाला पेपर." गॅसच्या दिवशी रात्री तोच फोन आला, तोच 'मस्त' कानावर पडला, आणि माझ्या अंगावर काटा आला. शब्द वेगळा, आवाजातलं वळण तात्यांचं. जराही न हलणारं.

मी दारात जाऊन उभा राहिलो. काय विचारावं ते सुचेना. कसं चाललंय असं विचारलं तर 'मस्त' तयारच होतं. सिलिंडर संध्याकाळी आला होता, म्हणून म्हटलं, चहा टाकतो, घेणार का. ती वहीवरून मान वर न करता हो म्हणाली. मग मी वळलो तर मागून म्हणाली,

"काका. आज्जीच्या भाषेत सांगू का? फिजिक्स वाढलंय."

पलीकडच्या खाटेवर आई जागी होती, हे आम्हाला माहीत नव्हतं. अंधारातून तिचा आवाज आला, "किती वाढलंय?"

"सगळंच, आज्जी. एकशे ऐंशी मार्कांपैकी एकतीस."

"मग आणावं लागंल की. कुठं मिळतंय ते? ह्याला आणायला धाड."

पोरगी आधी हसली, मग हसता हसताच तिचं तोंड वेडंवाकडं झालं. बराच वेळ रडली. आई उठून तिच्याजवळ जाऊन बसली, काही बोलली नाही, नुसती तिच्या केसांतला गुंता बोटांनी सोडवत राहिली. मी चहा केला, त्यात साखर विसरलो, तो तिघांनी तसाच प्यायला. फिजिक्स कुठं मिळतं ते अजून शोधतोय. एका ओळखीच्या मास्तरांकडं रविवारी पाठवतो. फरक पडेल की नाही, सांगता येत नाही. चिठ्ठ्या भिंतीवर अजून आहेत. एक तेवढी गळून पलंगाखाली गेली होती, ती परवा केर काढताना सापडली, मी पुन्हा चिकटवली. त्या वाईट आहेत असं माझं म्हणणं नाही.

तिच्या बापाला मी ते एकतीस मार्क कळवले नाहीत. तिचं विशेष तिनं सांगावं. या रविवारी त्याला फोन केला. तो रानात होता, मागं खळ्यावर मशिनीचा आवाज, त्यात तुरीची भुसकट उडत असणार, कारण तो मधूनच खोकत होता.

"काय चालायलंय?"

"काय नाही दादा, निवांत."

मी फोन ठेवला नाही. "बरं," म्हटलं, "अजून?"

मशीन चालूच होती. तो चालत थोडा लांब आला असावा, आवाज कमी झाला. बराच वेळ नुसता त्याचा श्वास.

"तुरीचा उतार काय खरा नाही दादा," तो म्हणाला. "वेळ हाय का तुला?"